हापकिडो व कुस्ती : एक तौलनिक विचार

मुलींना स्वसंरक्षणाचे शिक्षण द्यावे याबद्दल आज फारसे कुणाचे दुमत नाही. भाषणांतून ते सांगितले जाते, शाळा-महाविद्यालयांतून शिबिरे भरतात, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली जातात. परंतु कोणती कला शिकवावी, ती किती दिवसांत अंगवळणी पडते आणि शिकलेले प्रत्यक्ष प्रसंगी कितपत उपयोगी पडते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. ज्यूदो, कराटे, तायक्वांदो, आयकिडो, हापकिडो अशी नावे एकापाठोपाठ एक कानावर येतात व प्रत्येक जण आपलीच कला श्रेष्ठ म्हणून सांगतो. आपल्याकडच्या कुस्तीचा या यादीत उल्लेखही नसतो. असलाच तर अभिमानाच्या चार वाक्यांपुरता.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जळगावला पंधरा दिवसांच्या एका शिबिरात मी हापकिडो शिकले. माझा थोरला भाऊ धुळ्याला मामांकडे राहतो. तो दिवसा बाजारात हमाली करतो व रोज पहाटे आखाड्यात जातो. शिबिर संपल्यावर मी मामांकडे गेले, तेव्हा शिकलेले सारे त्याच्याबरोबर करून पाहिले. या दोन अनुभवांवरून आणि वाचनातून जे समजले त्यावरून प्रस्तुत लेख लिहिला आहे. पंधरा दिवसांत कुणी जाणकार होत नाही. तथापि नवशिक्याला जे प्रश्न पडतात ते जाणकाराला पडेनासे होतात; म्हणून ते वेळीच मांडावेत असे वाटते.

हापकिडोचा उगम

हापकिडो ही कोरिया देशातील कला होय. ‘हाप’ म्हणजे एकत्र येणे, जुळणे. ‘की’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. गंमत अशी, की हीच तीन चिनी अक्षरे जपानी माणसापुढे ठेवली तर तो ती ‘आयकिडो’ अशी वाचतो. दोन्ही कलांचे मूळ जपानमधील दाइतो-र्‍यू या जुजुत्सू परंपरेत सांगितले जाते. त्या परंपरेचे प्रसिद्ध आचार्य ताकेदा सोकाकू हे १९४३ साली वारले. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) हे त्यांचे शिष्य होते. हापकिडोचे आद्य गुरू चोई योंग-सुल हेही आपण बालपणापासून ताकेदांच्या घरी राहून शिकलो असे सांगत. मात्र ताकेदा शिष्यांच्या नावांची नोंदवही ठेवीत आणि तीत चोई यांचे नाव सापडत नाही. त्यामुळे अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत.

दुसरे महायुद्ध संपल्यावर चोई कोरियात परतले व देगू शहरात राहू लागले. १९४८ साली तेथील एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात डुकरांसाठी धान्याचा चोथा घ्यायला ते गेले असता रांगेत भांडण झाले. अंगावर आलेल्या माणसांना चोईंनी सहज बाजूला लोळवले. कारखान्याच्या मालकाचा मुलगा सुह बोक-सुब हे वरून पाहत होता. तो स्वतः ज्यूदोत काळा पट्टा मिळवलेला होता, तरी त्याने चोईंना बोलावून घेतले व शिकवण्याची विनंती केली. हापकिडोची परंपरा अशी धान्याच्या रांगेतून सुरू झाली. ज्यांच्या घरी बाजाराच्या दिवशी धान्याच्या गोण्यांवरून वाद होतात, त्या आपल्यासारख्यांना ही हकिकत परकी वाटू नये. पुढे चोईंचे शिष्य जी हान-जे यांनी या कलेत लाथांची भर घातली व तिचा मोठा प्रसार केला. १९७२ साली हाँगकाँगमध्ये ‘हापकिडो’ याच नावाचा चित्रपट निघाला. त्याची नायिका अँजेला माओ ही स्त्री होती, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

शिबिरात काय शिकवले?

पहिले तीन दिवस आम्हांला केवळ पडायला शिकवले. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि जमिनीला अंग टेकण्याच्या क्षणी हाताचा सपाट फटका गादीवर मारायचा, म्हणजे आघात एका जागी न बसता पसरतो. शिबिराचे शुल्क पाचशे रुपये होते. पहिल्या आठवड्यात घरी फोन केला तेव्हा आबांनी विचारले, “पडनं शिकाले पैसा कसाले लागतस?” सारे घर हसले. पण मला वाटते, पंधरा दिवसांत शिकलेल्या गोष्टींपैकी आयुष्यभर उपयोगी पडेल अशी हीच आहे. विहिरीच्या पायऱ्यांवरून किंवा एसटीच्या दारातून घसरण्याचे प्रसंग कुणी हात धरण्यापेक्षा कितीतरी अधिक येतात.

त्यानंतर मनगट सोडवणे आले. पकडणाऱ्याच्या मुठीत एका बाजूला चार बोटे असतात आणि दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. बोटांची टोके व अंगठा जिथे भेटतात ती मुठीची फट. घाबरलेला माणूस हात सरळ मागे ओढतो, म्हणजे चार बोटांच्या ताकदीशी झुंजतो. हापकिडोत याच्या उलट करायचे. पंजा ताठ पसरायचा, एक पाऊल पकडणाऱ्याच्या दिशेने टाकायचे, कोपर त्याच्याकडे न्यायचे व पहारेने दगड उचकटावा तसे मनगट अंगठ्याच्या फटीतून बाहेर काढायचे.

या कलेची तीन तत्त्वे सांगितली जातात. पहिले ‘ह्वा’, म्हणजे जोराला जोराने न भिडणे. दुसरे ‘वॉन’, म्हणजे वर्तुळ. समोरून आलेला जोर सरळ न अडवता वळवणे. तिसरे ‘यू’, म्हणजे पाण्याप्रमाणे वाहत राहणे. शब्द मोठे वाटतात, पण शेतकऱ्याच्या घरी ते समजावून सांगावे लागत नाहीत. बैलाला समोरून ढकलून तो मागे सरत नाही. वेसण धरून मान वळवली की सगळा बैल वळतो. मनगट, बोटे व कोपर ही माणसाची वेसण आहे. सांधा त्याच्या मर्यादेपर्यंत पिरगळला की धिप्पाड माणूससुद्धा त्या दिशेने झुकतो. सांध्यांच्या अशा पकडी, फेकी, लाथा, ठोसे आणि पुढे आखूड दांडा व काठी असा या कलेचा व्यापक अभ्यासक्रम आहे.

इतर कलांशी तुलना

निरनिराळ्या कला शेजारी ठेवल्या की प्रत्येकीचे रूप तिच्या नियमांमुळे घडलेले दिसते. कराटेचे मूळ ओकिनावा बेटावर. तिचा भर ठोसे व लाथांवर आहे. तायक्वांदो हे नाव कोरियात १९५५ साली रूढ झाले. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून तिला पदके आहेत. तिच्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवता येत नाही, म्हणून पायांची चपळाई विलक्षण वाढते. पण कुणी अंगाला बिलगले तर काय करायचे याचा सराव मात्र राहत नाही. आयकिडो हापकिडोची सख्खी बहीण. तीही पकडी व फेकी शिकवते, पण लाथांना तीत जवळजवळ स्थान नाही.

ज्यूदोची गोष्ट या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ साली टोकियोत कोदोकान ही संस्था काढली. जुन्या जुजुत्सूतील अतिशय घातक प्रकार त्याने मुक्त सरावातून वगळले. सांधेपिरगळीपैकी आज स्पर्धेत फक्त कोपराच्या पकडीला परवानगी आहे. वरवर पाहता यामुळे ती कला दुबळी व्हायला हवी होती. झाले उलटेच. घातक भाग वगळल्यामुळे उरलेले डाव रोज, पूर्ण जोराने, विरोध करणाऱ्या माणसावर करता येऊ लागले. जो डाव रोज विरोधाला तोंड देतो तोच पक्का होतो. हापकिडोने मनगट व बोटांच्या घातक पकडी राखल्या आहेत. पण त्या पूर्ण जोराने केल्या तर जोडीदाराचे हाड मोडेल. म्हणून सरावात जोडीदार सहकार्य करतो, वेळीच थाप मारून थांबायला सांगतो, फेकले की स्वतःच नीट पडतो. हापकिडोचे सामर्थ्य व तिची उणीव या दोन्ही गोष्टी येथेच आहेत.

आपली कुस्ती

कुस्तीचा इतिहास सांगताना आपण बहुधा महाभारतापासून सुरुवात करतो. परंतु लेखी पुरावाच हवा असेल तर कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. जगातील साऱ्या युद्धकला भारतातून बोधिधर्माने नेल्या असेही काही जण सांगतात. ती कथा सतराव्या शतकातील एका चिनी ग्रंथावर उभी असून इतिहासकार तिला आधार मानीत नाहीत. आपल्या कुस्तीला मोठेपण येण्यासाठी अशा कथेची गरजही नाही.

खानदेशात यात्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. नारळावरच्या कुस्त्या आधी, मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. त्याही आधी १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

कुस्ती व ज्यूदो यांत डावांचे साम्य पुष्कळ आहे. आपला धोबीपछाड आणि ज्यूदोतील खांद्यावरून घेतलेली फेक शेजारी ठेवली तर पाहणाऱ्याला फरक चटकन सांगता येणार नाही. दोन्हींत पाठ लावणे हे उद्दिष्ट. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली आखाड्याची माती हीच तेथील गादी. आणि मुख्य म्हणजे आखाड्यात रोज लढत असते. समोरचा खराखुरा विरोध करतो. मात्र कुस्तीत बोटे पिरगळणे, गळा दाबणे, ठोसा मारणे निषिद्ध आहे. म्हणजे कुस्ती ज्याला हात लावत नाही, तेथूनच हापकिडोचा पहिला धडा सुरू होतो.

धुळ्याचा प्रयोग

मामांच्या अंगणात भावाला मी माझे मनगट धरायला सांगितले. तो धरून उभा राहिला तेव्हा मी दर वेळी सहज सुटले. मामी कौतुकाने पाहत होत्या. मग भाऊ म्हणाला, “जोर लावू का व?” मी हो म्हटले. आता त्याने मनगट धरता धरताच ओढले, दुसरा हात मानेवर टाकला आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. असे आम्ही दहा वेळा केले. मी तीन वेळा सुटले. त्या तिन्ही वेळी त्याची मूठ आवळली जाण्याच्या आतच मी पाऊल पुढे टाकले होते. एकदा त्याचे अंग जुळून आले की माझ्या शिकलेल्या कृतीला जागाच उरत नसे. तो म्हणाला, “मनगट धरीसन कोन उभा ऱ्हास?” शिबिरात जोडीदार मैत्रीण मनगट धरून उभी राहत असे, ही गोष्ट तेव्हा माझ्या नीट ध्यानात आली.

नंतर उलट प्रयोग केला. मी त्याचा पंजा दोन्ही हातांनी धरून बाहेरच्या बाजूला पिरगळला. पकड नीट बसल्यावर तो एका गुडघ्यावर आला व हसत हसत दुसऱ्या हाताने मांडीवर थाप मारू लागला. पोते उचलणाऱ्या त्याच्या मनगटाला अशी पिरगळ ठाऊकच नव्हती. दुसऱ्या वेळी मात्र त्याने कोपर अंगाशी घट्ट धरले आणि माझी पकड बसू दिली नाही. त्याला ती एका अनुभवात समजली. विरोधाची रोजची सवय असलेला माणूस नवी गोष्ट किती लवकर शिकतो, हे मला त्या दिवशी दिसले.

यावरून माझे मत असे झाले, की हापकिडो लहान अंगाच्या माणसाला डाव देते आणि आखाडा तो डाव टिकवण्याची ताकद देतो. दोन्ही मिळाल्या तर उत्तम. पण येथेच खरी अडचण आहे. मी भावाबरोबर आखाड्याच्या दारापर्यंत गेले. तेथील वस्तादांनी आपुलकीने विचारपूस केली, चहा मागवला. पण आत हौद्यात मुलींना उतरण्याची पद्धत नाही असे सांगितले. हनुमंताचे स्थान आहे, पूर्वापार चालत आले आहे, असे कारण दिले. त्यांचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी घडवलेली मुले मी पाहिली आहेत.

परंतु पद्धती बदलतात, हेही इतिहासच सांगतो. रवींद्रनाथ टागोरांनी १९०५ साली शांतिनिकेतनात जपानी शिक्षक आणला आणि १९२९ साली शिंझो ताकागाकी या ज्यूदो आचार्यांना बोलावले. तेथे मुलीही ज्यूदो शिकल्या. १९९२ साली बार्सिलोनाला महिलांच्या ज्यूदोला ऑलिंपिक पदके मिळू लागली, २००४ साली अथेन्सला महिलांच्या कुस्तीला. २०१६ साली रिओत साक्षी मलिकने कांस्यपदक जिंकले. आपल्या राज्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मात्र २०२३ साली सांगलीला झाली व प्रतीक्षा बागडी ती जिंकली. मधली बासष्ट वर्षे मुली अशक्त होत्या म्हणून गेली नाहीत, दार बंद होते म्हणून गेली.

दोन कसोट्या

म्हणून ‘कोणती कला श्रेष्ठ?’ हा प्रश्न मला आता गैरलागू वाटतो. त्याऐवजी कोणत्याही वर्गात जाताना दोन प्रश्न विचारावेत. पहिला : येथे कुणाला प्रवेश आहे? दुसरा : येथे समोरचा विरोध करतो का? आखाडा दुसऱ्या कसोटीला पूर्ण उतरतो, पण मुलींच्या बाबतीत पहिलीला बहुतेक ठिकाणी उतरत नाही. शिबिर पहिल्या कसोटीला उतरले. वीस मुली तेथे होत्या आणि त्यांपैकी अनेकींना खेळाचे मैदान शाळेनंतर प्रथमच मिळाले होते. पण दुसऱ्या कसोटीला ते कमी पडले. पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र हाती येते आणि आपल्याला जमते असा समज होतो. खऱ्या विरोधाशी गाठ मात्र पडलेली नसते. असा समज न शिकण्याहून घातक ठरू शकतो.

याचा अर्थ शिबिर व्यर्थ गेले असा नाही. दहातून तीन वेळा सुटणे हे दहातून एकदाही न सुटण्यापेक्षा पुष्कळ आहे. शिवाय मनगट सुटणे म्हणजे जिंकणे नव्हे. सुटून दोन पावले लांब होता येते, तेवढ्यात मोठ्याने ओरडता येते, चार माणसांत जाता येते. बसस्थानकावर किंवा सायंकाळच्या शेवटच्या गाडीत तेवढीच दोन पावले लागतात. आमच्या शिक्षकांनीही हेच पहिल्या दिवशी सांगितले होते : मारायला थांबू नका, निघा.

उपाय फार खर्चाचा नाही. पहिले काही दिवस पडणे व सोडवणे शिकवावे. त्यानंतर रोज थोडा वेळ जोडीदाराने ठरलेल्या मर्यादेत खरोखर विरोध करावा. प्रथम निम्म्या जोराने, मग पाऊण, मग पूर्ण. सांधे पिरगळायचे नाहीत, फक्त पकड व सुटका, धक्का व तोल. कानोने ज्यूदोत केले ते हेच आणि आखाड्यातही होते ते हेच. ज्या गावात महिला कुस्तीचा शिक्षक आहे तेथे मुलींनी कुस्तीच शिकावी, असे मी म्हणेन.

शिबिर संपल्यापासून आम्ही सहा जणी वसतिगृहाच्या गच्चीवर सतरंज्या टाकून आठवड्यातून दोनदा सराव करतो. नियम एकच, की जोडीदाराने मनगट धरून उभे राहायचे नाही. सतरंजीवर फेकी करता येत नाहीत, पाठ शेकून निघते. आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात ज्यूदोच्या गाद्या आहेत व त्या बराच काळ भिंतीला टेकून ठेवलेल्या असतात. आठवड्यातून दोन तास त्या मुलींसाठी अंथरल्या जाव्यात, अशी या अंकाच्या निमित्ताने माननीय प्राचार्य व क्रीडासंचालक यांना नम्र विनंती आहे. गाद्या अंथरण्याचे व उचलण्याचे काम आम्ही करू.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला